लेबनॉनचे तांबडे मद्य : गुण आणि शेरा



एका तांबड्या द्राक्षमद्याचे गुणदोष हा आजच्या माझ्या भाषणाचा विषय आहे. शाळामास्तराने असा विषय घ्यावा याचे काहींना नवल वाटेल आणि काहींच्या कपाळाला आठीही पडेल. ती आठी मला परकी नाही. आमच्या घरातील एक माणूस दारूने गेला. माझे धाकटे काका शरीराने धडधाकट, हाताने कुशल सुतार आणि स्वभावाने मोकळे होते. परंतु संध्याकाळ झाली की फेणीच्या बाटलीचा तळ दिसेपर्यंत त्यांना चैन पडत नसे. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी ते गेले. आज मी त्या वयाच्या पुढे आलो आहे. त्यानंतर कित्येक वर्षे आमच्या घरात मद्याचा थेंब आला नाही. आली ती फक्त माडाची सूर, आणि तीही शिरका करण्यासाठी. तेव्हा आज मी जे सांगणार आहे, त्यात मद्यपानाचा पुरस्कार कोणी पाहू नये. ज्याला पिणे वर्ज्य आहे त्याने ते वर्ज्यच ठेवावे; ज्याला ते आवरत नाही त्याने या भाषणात निमित्त शोधू नये.

मग हा विषय घेतलाच का, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, गुण आणि दोष एकमेकांत गुंतलेले असले म्हणजे त्यांचा न्याय कसा करावा, हा जो प्रश्न मला दर परीक्षेला उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात भेटतो, तोच मला या एका बाटलीत भेटला. आणि तो सोडवताना मला माझ्या धंद्याविषयी काही नवे उमगले.

माझे मेहुणे प्रवासी जहाजावर भोजनगृहात नोकरीला आहेत. गोव्यातील अनेक घरांप्रमाणे आमच्या घरातही समुद्रावर गेलेला एक माणूस आहेच. रजेवर येताना ते एखादी बाटली आणतात, आणि सणासुदीला जेवणाबरोबर आम्ही मोठी माणसे तिचा एकेक लहान पेला घेतो. काकांच्या मृत्यूनंतर पुष्कळ वर्षांनी, आईच्या संमतीनेच, ही प्रथा आमच्याकडे आली. दहाबारा वर्षांत अशा तीसचाळीस बाटल्यांची ओळख झाली. एवढ्याने कोणी तज्ज्ञ होत नाही. मी या विषयाचा विद्यार्थीच आहे. फार तर वरच्या इयत्तेत गेलेला.

एका नाताळाच्या आधी त्यांनी जी बाटली आणली, तिच्यावर ‘शातो म्यूझार’ असे नाव, २०१५ हे साल आणि ‘लेबनॉन’ हा देश छापलेला होता. लेबनॉन म्हणजे आमच्या मराठी बायबलातील लबानोन. गंधसरूच्या झाडांचा आणि हिमाच्छादित पर्वताचा देश. होशेय संदेष्ट्याच्या ग्रंथात तेथील द्राक्षमद्याचा उल्लेख आहे, हे मला ठाऊक होते. आजही तेथे वाईन होते, आणि तिच्यावर जगभरचे जाणकार हिरिरीने वाद घालतात, हे मात्र ठाऊक नव्हते. मेहुण्यांनीही काही सांगितले नाही. “आधी चाखून पाहा, मग बोलू,” एवढेच ते म्हणाले.

त्यांचे हे करणे योग्यच होते. योहानाच्या शुभवर्तमानात काना गावच्या लग्नाची कथा आहे. तेथे पाण्याचा द्राक्षारस झाला आणि तो पंगतीच्या कारभाऱ्याकडे चाखण्यासाठी नेण्यात आला. चाकरांना तो कोठून आला हे माहीत होते. कारभाऱ्याला माहीत नव्हते. त्या अज्ञानातच त्याने तो चाखला आणि आपला निर्णय दिला. टीकाकाराला याहून चांगला आदर्श मला तरी दुसरा आढळलेला नाही. ते काना गाव आपल्याच देशाच्या दक्षिण भागातले, असे लेबनॉनमधील अनेक लोक मानतात, हे मला मागाहून कळले.

पहिल्या संध्याकाळी बूच काढून मी पेल्यात थोडे मद्य ओतले. आपल्या हवेत तांबडी वाईनसुद्धा किंचित गार करावी लागते. तेवढी ती केली होती. रंग फारसा गडद नव्हता. मध्यभागी कोकमाच्या आगळाचा आणि कडेला जुन्या कौलाचा, असा तो दिसला. पेला नाकाशी नेला मात्र, आणि मी थबकलो. शिरक्याच्या बरणीचे झाकण कोणी क्षणभर उचलून पुन्हा ठेवावे, तसा एक तिखट वास आला. त्याच्या मागोमाग आमसुलाचा, आणि त्याच्याही मागे जुन्या चामडी पिशवीचा. तोंडात आंबटपणा जिभेच्या कडांना झोंबला. फळांचा गोडवा कोठेतरी खाली दडलेला असावा असे वाटले, पण तो वर आला नाही. माझ्या टिपणवहीत मी लिहिले: शंभरपैकी ३५. म्हणजे आमच्या भाषेत काठावर उत्तीर्ण.

माझी आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून हा प्रकार पाहत होती. ती वाईन पीत नाही. परंतु शिरका करण्यात तिचे आयुष्य गेले आहे. रेंदेराने आणून दिलेली सूर मडक्यात भरावी, दिवसागणिक तिचा वास घ्यावा आणि ती कधी फसफसते, कधी झोंबते, कधी पक्की होते आणि कधी हाताबाहेर जाते ते नाकानेच ओळखावे, हे तिचे शास्त्र. मी पेला तिच्यापुढे धरला. तिने एकदा वास घेतला, पुन्हा घेतला, आणि ती म्हणाली, “आंबट जालां, पूण इबाडूंक ना.” आंबट झाले आहे, पण बिघडलेले नाही. घरात आम्ही कोकणी बोलतो म्हणून तिचे शब्द जसेच्या तसे दिले. त्या वेळी मला तो आईचा भाबडा चांगुलपणा वाटला.

बूच लावून बाटली मी बाजूला ठेवली. दुसऱ्या संध्याकाळी तीच बाटली, तोच पेला. तिखट वास होता, पण आता तो पुढे येऊन दार अडवीत नव्हता. त्याच्या मागून सुक्या अंजिरांचा, पिकून काळ्या झालेल्या करवंदांचा आणि दालचिनीचा सुगंध मोकळा झाला होता. तिसऱ्या संध्याकाळी तर सगळे एकमेकांत मुरले होते. आंबटपणा होता, परंतु तो आता आमटीतल्या चिंचेसारखा आपल्या जागी होता. तो नसता तर बाकीचे सारे मचूळ लागले असते. घोट गिळल्यावरही चव बराच वेळ रेंगाळत राहिली. मी वहीत लिहिले: शंभरपैकी ७२. पहिला आकडा खोडला नाही. परीक्षकाने आपली चूक खोडू नये, तिच्याशेजारी दुरुस्ती लिहावी, असा माझा नियम आहे.

पण ही दुरुस्ती तरी बरोबर होती का? की तीन दिवसांत माझ्या जिभेलाच सवय झाली होती? हा प्रश्न मला सोडीना. म्हणून मग मी या वाईनविषयी मिळेल ते वाचले.

प्रथम त्या तिखट वासाविषयी. द्राक्षाच्या रसातील साखरेचे किण्वाच्या क्रियेने मद्यार्कात रूपांतर होते, तेव्हा वाईन तयार होते. तिला हवा लागत राहिली तर काही सूक्ष्म जंतू त्या मद्यार्काचे ॲसेटिक आम्लात रूपांतर करतात, आणि वाईनचा शिरका होतो. सुरेच्या मडक्यात आईच्या डोळ्यांदेखत घडते ते हेच. या आम्लाचा थोडा अंश प्रत्येक वाईनमध्ये असतो. युरोपीय संघाच्या नियमानुसार तांबड्या वाईनमध्ये तो लिटरमागे सुमारे १.२ ग्रॅमपर्यंत चालतो. परंतु त्याच्या बऱ्याच अलीकडेच तो नाकाला जाणवू लागतो. आमच्या चर्चचाही नियम आहे की, वेदीवरचे मद्य निव्वळ द्राक्षांचे आणि न बिघडलेले असावे. शिरका झालेले मद्य तेथे चालत नाही. म्हणजे मद्य आणि शिरका यांच्यामध्ये एक रेषा आहे, हे रसायनशास्त्र, कायदा आणि धर्म तिघेही मानतात. म्यूझारची तांबडी वाईन त्या रेषेच्या अलीकडे, परंतु पुष्कळदा तिच्या बऱ्याच जवळून चालते. चामड्याचा वास दुसऱ्या एका सूक्ष्म जीवाचा. ब्रेटानोमायसीस नावाचे हे किण्व थोडे असले तर वाईनला जुन्या कातड्याचा, मसाल्याचा गंध देते. फार झाले तर घोड्याच्या तबेल्याची आठवण करून देते. हे दोन्ही गुणधर्म आधुनिक मद्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात ‘दोष’ या मथळ्याखाली सापडतील.

हे दोष टाळता येत नाहीत असे मुळीच नाही. गंधकाचा वायू योग्य प्रमाणात वापरावा, वाईन बारीक गाळून घ्यावी, निवडक किण्व वापरावे, की बहुतेक काम भागते. मग हे घराणे तसे का करीत नाही? अज्ञानामुळे? येथे मला पहिला धक्का बसला.

या मद्यशाळेची स्थापना १९३० साली गास्तों होशार या तरुणाने केली. तेव्हा लेबनॉन फ्रान्सच्या अधिपत्याखाली होता. बैरूतच्या उत्तरेस, समुद्राकडे तोंड केलेल्या डोंगरउतारावर गझीर नावाचे गाव आहे. तेथल्या म्झार नावाच्या जुन्या गढीवरून ‘म्यूझार’ हे नाव आले. आपल्या मराठीत अरबीतून आलेला ‘मजार’ हा शब्द ज्याच्या कानात आहे, त्याला हे नाव परके वाटणार नाही. दुसऱ्या महायुद्धात रोनाल्ड बार्टन हा इंग्रज अधिकारी लेबनॉनमध्ये होता. बोर्दो प्रांतातील एका नामांकित मद्यघराण्याचा तो वारस. गास्तोंशी त्याची इतकी मैत्री जुळली की, धाकट्या मुलाचे नाव गास्तोंने रोनाल्ड ठेवले. थोरला मुलगा सर्ज १९३९ सालचा. त्याने बोर्दोला जाऊन मद्यशास्त्राचे शिक्षण घेतले, आणि तेही कोणाकडे, तर एमिल पेनो यांच्याकडे. पेनो म्हणजे ज्यांनी फ्रान्सच्या मद्यशाळांना स्वच्छता, तापमान आणि नियंत्रण यांचे आधुनिक धडे दिले, ते आचार्य. अशा गुरूचा शिष्य १९५९ मध्ये वडिलांच्या मद्यशाळेची सूत्रे हाती घेतो आणि सगळे शिकून झाल्यावर त्यातले बरेचसे जाणूनबुजून बाजूला ठेवतो. व्याकरण न येणाऱ्या मुलाने केलेली चूक आणि व्याकरण पुरते जाणणाऱ्या लेखकाने मोडलेला नियम, या दोहोंना मी एकच लाल रेघ मारू शकत नाही. आपल्या तांबड्या वाईनची घडण मनासारखी बसेपर्यंत सर्जने १९७७ पर्यंतचा काळ घेतला. म्हणजे सुमारे अठरा वर्षे.

ती घडण थोडक्यात अशी. द्राक्षांच्या जाती तीन: काबर्ने सोव्हिन्यों, कारिन्यां आणि सँसो. पहिली वाईनला कणा देते, दुसरी तुरटपणा आणि अंग, तिसरी सुगंध आणि मऊपणा. त्या पिकतात बेका खोऱ्यात. लेबनॉन पर्वत आणि त्याच्यासमोरील दुसरी रांग यांच्यामध्ये, समुद्रसपाटीपासून सुमारे १००० मीटर उंचीवर हे खोरे आहे. हिवाळ्यात बर्फ, उन्हाळ्यात कोरडे ऊन आणि गार रात्री. याच खोऱ्यात बाल्बेक येथे रोमन लोकांनी दुसऱ्या शतकात मद्यदेवता बाकस हिचे म्हणून ओळखले जाणारे भव्य मंदिर बांधले. ते आजही उभे आहे. प्रत्येक जातीचा रस वेगवेगळ्या सिमेंटच्या हौदांत, द्राक्षांच्या सालीवरच्या स्वाभाविक किण्वाने आंबतो. नंतर वर्षभर फ्रेंच ओकच्या पिंपांत राहतो. मग तिन्हींचे मिश्रण होते, तिसऱ्या वर्षी बाटल्या भरल्या जातात, आणि त्या बाटल्या पुन्हा तळघरात पडून राहतात. द्राक्षे खुडल्यापासून सातव्या वर्षी वाईन बाजारात येते.

सात वर्षे! कौटुंबिक मालकीचा खरा अर्थ येथे कळतो. ज्या व्यवसायाला दर वर्षाअखेर भागधारकांपुढे नफ्याचा आकडा ठेवावा लागतो, तो सात वर्षांचा माल तळघरात झाकून ठेवू शकत नाही. ज्याला आपल्या नातवाचा विचार करता येतो, तोच असा धीर धरू शकतो. परंतु याच मालकीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. घरच्या माणसाला ‘हे चुकले’ असे सांगणारे घरात सहसा कोणी नसते. सर्ज होशार आपल्या वाईनला सजीव प्राणी मानीत असत, आणि तिच्या लहरी हा तिच्या जिवंतपणाचा पुरावा समजत असत. हा विचार मोहक आहे. पण त्यात एक धोका आहे. प्रत्येक दोषाला ‘स्वभाव’ म्हणायचे ठरवले, की मग दोष असा उरतच नाही आणि परीक्षाही उरत नाही. एकाच सालच्या दोन बाटल्या एकमेकींपासून वेगळ्या निघतात, ही या वाईनची सर्वविदित गोष्ट आहे. भक्त तिला विविधता म्हणतात. ज्याने कष्टाच्या पैशांतून एकच बाटली विकत घेतली आहे, तो तिला काय म्हणेल? त्याला ती सोडतच वाटेल, आणि त्यात त्याची चूक नाही. हा मी या मद्यशाळेचा खरा उणेपणा मानतो. आंबटपणाचे समर्थन करता येईल. अनिश्चिततेचे समर्थन गिऱ्हाइकाच्या खिशाला पटवून देता येत नाही.

आता या कथेतील सर्वांत कठीण भागाकडे वळतो. द्राक्षे बेका खोऱ्यात आणि मद्यशाळा पर्वतापलीकडे गझीरला, अशी विचित्र रचना का? १९३० च्या सुमारास लेबनॉनच्या सीमा पुढे कशा ठरतील याची खात्री नव्हती. बेका आपल्या देशात राहील की नाही कोण जाणे, म्हणून गास्तोंने मद्यशाळा किनाऱ्याकडे ठेवली. शांततेच्या दिवसांत हा रस्ता दोनतीन तासांचा. परंतु १९७५ साली लेबनॉनमध्ये यादवी युद्ध पेटले आणि ते १९९० पर्यंत धुमसत राहिले. त्या पंधरा वर्षांत दर हंगामाला द्राक्षांनी भरलेल्या मालमोटारी तोफांच्या माऱ्यातून आणि निरनिराळ्या सैन्यांच्या नाक्यांतून पर्वत ओलांडीत. १९७६ साली वाईन झालीच नाही. १९८४ साली मालमोटारी वाटेत इतक्या अडकल्या की, द्राक्षे रस्त्यातच आंबू लागली. त्या सालची वाईन नेहमीप्रमाणे बाजारात आली नाही. बाकी सर्व वर्षी ती झाली. सर्जची एक आठवण प्रसिद्ध आहे. बैरूतवर तोफगोळे पडत असता तळघरात न जाता तो आपल्या घरीच राहिला, १९७२ सालची एक बाटली त्याने उघडली आणि ती एकटीच बाटली बारा तास, घोटाघोटाने, तो पीत बसला. तासातासाला ती कशी बदलते ते पाहत.

युद्धामुळे देशातली गिऱ्हाइके गेली, म्हणून हे घराणे परदेशी बाजारात उतरले. १९७९ साली ब्रिस्टल येथील मद्यप्रदर्शनात मायकेल ब्रॉडबेंट या ख्यातनाम इंग्रज परीक्षकाने म्यूझारची १९६७ ची वाईन चाखून तिची मनःपूर्वक प्रशंसा केली, आणि जगाचे लक्ष तिच्याकडे वळले. १९८४ मध्ये ‘डिकँटर’ या इंग्रजी मासिकाने आपला वर्षाचा मानकरी निवडण्याची प्रथा सुरू केली. त्या मानाचे पहिले मानकरी सर्ज होशार. २०१४ च्या अखेरच्या दिवशी मेक्सिकोच्या समुद्रात पोहत असताना ते निवर्तले. त्यानंतर घराण्याची पुढची पिढी तीच पद्धत चालवीत आली. युद्धाने मात्र त्या खोऱ्याचा पिच्छा सोडला नाही. २००६ मध्ये आणि २०२४ मध्ये बेकावर पुन्हा बॉम्ब पडले.

हे सर्व वाचून झाल्यावर माझा हात वहीतल्या आकड्याकडे गेला. ७२ चे ८५ करावेत असे वाटले. ज्या वाईनने एवढे सोसले, तिला कोण सत्तरबहात्तर देईल? आणि तेथेच मी थांबलो.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एका मुलाच्या घरी परीक्षेच्या आदल्या रात्री मृत्यू झाला. मुलगा सकाळी परीक्षेला आला. त्याचा पेपर मी तपासला. काही उत्तरे चांगली होती, दोन अर्धवट होती. ते कोरे राहिलेले अर्धे पान पाहून माझे डोळे भरून आले. पण त्या पानाला गुण देणे मला शक्य नव्हते. दिले असते तर शेजारच्या बाकावरच्या मुलावर अन्याय झाला असता, आणि त्या मुलाच्या चांगल्या उत्तरांचाही अपमान झाला असता. कारण ती उत्तरे दयेवर नव्हे, स्वतःच्या बळावर उभी होती. परंतु आमच्या प्रगतिपुस्तकात गुणांच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना असतो: शेरा. गुण हे उत्तराचे असतात. शेरा माणसाचा असतो. त्या मुलाच्या शेऱ्याच्या रकान्यात मी काय लिहिले ते येथे सांगत नाही. पण त्या वर्षी मी लिहिलेला तो सर्वांत लांब शेरा होता.

म्यूझारविषयी जे बरेचसे लेखन मी वाचले, त्यात हे दोन रकाने एक झालेले मला दिसले. कोणी युद्धाची कथा ऐकून डोळे मिटून स्तुती करतो. कोणी नाकाला आंबट वास लागताच सारी कथा झुगारून देतो. दोघेही घाई करतात. पेल्यात जे आहे त्याचा न्याय पेल्यापाशीच झाला पाहिजे, त्या कानाच्या कारभाऱ्याप्रमाणे; आणि तो झाल्यावर, हे आले कोठून याचा विचार करून, माणसांविषयीचा आदर निराळा नोंदवला पाहिजे. एकाचे ओझे दुसऱ्याच्या पारड्यात टाकू नये.

तेव्हा माझा निर्णय असा. या वाईनमधील शिरक्याची छटा आणि चामड्याचा गंध हे केवळ भक्तांच्या म्हणण्यावरून गुण ठरत नाहीत. त्यांची कसोटी एकच: हवा आणि वेळ. जे बिघडलेले असते ते उघडे राहिले की अधिकच बिघडते. जे केवळ तीव्र असते ते मुरते. माझी बाटली तीन संध्याकाळी मुरत गेली. तेव्हा ती आंबट होती, बिघडलेली नव्हती. आईने जे एका श्वासात ओळखले, ते ओळखायला मला तीन दिवस आणि पुष्कळ वाचन लागले. सुगंधाची खोली आणि चवीचा रेंगाळता शेवट यांबद्दल मी तिला भरपूर गुण देतो. पहिल्या पेल्याचा अडदांडपणा, बाटलीगणिक येणारी अनिश्चितता आणि किंमत यांबद्दल कापतो. सुमारे १४ टक्के मद्यार्क असलेली ही वाईन नवख्याने आरंभाला घेऊ नये. ज्याला स्वच्छ, नीटनेटकी, प्रत्येक वेळी सारखीच लागणारी वाईन हवी, त्याने हिच्या वाटेला जाऊ नये. गुण ७२, ते ७२ च. आणि शेऱ्याच्या रकान्यात: ‘पंधरा वर्षांच्या युद्धात एक सोडून बाकी सर्व हंगामी परीक्षेस बसली.’ १९८४ चा पेपर अर्धवट राहिला खरा; पण हजेरी लागली होती.

एक गोष्ट सांगून संपवतो. तिसऱ्या संध्याकाळी पेला रिकामा झाल्यावर मी आईला म्हणालो, “तुझे खरे ठरले. बिघडली नव्हती.” ती काही वेळ बोलली नाही. मग तिने विचारले, “तुझ्या काकांना ही कशी लागली असती रे?” मला उत्तर द्यावे लागले. काकांनी ती पहिल्याच संध्याकाळी संपवली असती. आणि त्यांना तिच्यात शिरक्यावाचून दुसरे काही सापडले नसते. अंजिरे, दालचिनी, तो लांबलेला शेवट, हे सारे तिसऱ्या दिवसापर्यंत थांबणाऱ्यासाठी होते, आणि थांबणे तेवढे काकांना जमले नाही. आईने मान हलवली, बाटलीच्या तळाशी उरलेला गाळ आपल्या शिरक्याच्या मडक्यात ओतला आणि मडक्यावर फडके बांधले. त्या नाताळात आमच्याकडे झालेल्या व्हिंदालूत लेबनॉनचा थोडा अंश होता.